सातवा रकाना

पितळेचा इंपेलर, म्हणजे पंपाच्या पोटात फिरणारं चक्र. वजन साडेतीन किलो.

शेजारच्या टेबलावरचे निळे फुगे.

जिन्याखाली चुरगळलेले अकरा कागद.

एक स्टीलची पट्टी.

चार जागा. मुदत साडेचार.

जागा वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या कारखान्यात होत्या. त्या भरायला सुधीर कल्याणच्या एका तंत्रनिकेतनात आला होता. फेब्रुवारी १९९४. कॉलेजचा पहिलाच नोकरी मेळावा, आणि कारखान्याचाही. आजवर कारखान्यात माणसं यायची ती चिठ्ठीने. कुणाच्या आळीतला, कुणाचा भाचा.

सुधीर तिथला पर्सोनेल ऑफिसर. एकदा कॉलेजात जाऊन बघू, असं तो वर्षभर वर्क्स मॅनेजर त्र्यंबक केतकरांच्या मागे लागला होता. शेवटी ते म्हणाले होते, जा, साडेचारला मी येतो, चार चांगली मुलं दाखव. नाहीतर हे खूळ बंद आणि तू खाली टाइम ऑफिसात, हजेऱ्या मांडायला.

साडेअकरापर्यंत एकही फॉर्म परत आला नव्हता.

नेले मात्र चाळीसेक होते. मुलं यायची, इंपेलर उचलून बघायची, फॉर्म घ्यायची, जायची. सुधीर बसला. उठला. टेबलामागून पुढे येऊन उभा राहिला. विद्यावेतन आणि पाळीच्या वेळा ठळक लिहून चिकटवल्या. शेजारी कॉम्प्युटरवाल्यांकडे रांग. फुगे आणायला हवे होते का? पुन्हा बसला. चहा मागवला, प्यायला नाही. पुन्हा उठला.

एक वाजता तो नळावर पाणी प्यायला जिन्याखाली गेला. कोपऱ्यात कागदाचे बोळे. त्याचेच फॉर्म. त्याने एकेक गुडघ्यावर सरळ केला. पत्ता दिवा. पत्ता शहाड. गुण अडुसष्ट टक्के, बहात्तर, एक्क्याऐंशी. सहा रकाने नीट भरलेले. सातवा, अगदी तळाचा, कोरा. अकराच्या अकरा फॉर्मांत कोरा.

७. कंपनीत ओळख कोणाची? नाव व नाते.

हा फॉर्म तो दरवर्षी छापून घेत होता. वाचला असा आजच.

एक्क्याऐंशी टक्क्यांच्या फॉर्मवर नाव होतं मंजुळा नाखवा, यांत्रिकी, चेंदणी कोळीवाडा, ठाणे. ती वर्कशॉपच्या कट्ट्यावर डबा खाताना सापडली. बरोबर तिच्या वर्गातला, दिव्याचा चंदू. सुधीरने फॉर्म पुढे धरून विचारलं, का टाकला. तिने डब्याला झाकण लावलं आणि उभी राहिली. बोलला चंदू.

"सर, तुमच्या घरचं लग्न आहे ना. आम्हाला नुसती पत्रिका, पंगत घरच्यांची. मीपण भरायला घेतलेला. सातव्यावर येऊन अडकलो."

"चंदू, गप रे." मग ती सुधीरकडे वळली. "जागा भरलेल्यात ना, सर? खरं सांगा. म्हणजे मी उगाच दुपारभर थांबायची नाही."

जागा रिकाम्या आहेत, असं सुधीरने सांगितलं. तो रकाना जुना आहे, नुसती पद्धत. तिने विचारलं, नुसती पद्धत असेल तर विचारता कशाला? गेल्या वर्षी दुसऱ्या दोन कारखान्यांत तिने असल्याच रकान्यात 'नाही' असं लिहिलं होतं. दोन्हीकडून उत्तर आलं नव्हतं.

तिच्या पिशवीतून स्टीलची पट्टी डोकावत होती. ती त्याने मागितली.

टेबलावर तिनेच पट्टी धरली, सहाव्या रकान्याच्या बरोबर खाली, आणि कागद ओढला. सरळ रेषेत फाटला. दुसरा. दहावा. सुधीर पुढचे कागद सरकवत होता. मध्येच त्याचा हात थांबला. केतकर साहेब फॉर्म तळापासून वर वाचतात, हे त्याला माहीत होतं. त्याने पुढचा कागद सरकवला. टेबलाखाली कागदी पट्ट्यांचा ढीग वाढत गेला. चंदू वर्गावर्गात जाऊन ओरडून आला की पंगत सगळ्यांना आहे, या.

चार वाजेपर्यंत सव्वीस फॉर्म आले. सुधीरने प्रत्येकाच्या हातात इंपेलर दिला आणि एकच विचारलं, हा पंप आवाज का करत असेल? बहुतेकांनी पुस्तकातलं सांगितलं. मंजुळा एकेका पात्यावरून अंगठा फिरवत गेली आणि चौथ्या पात्यावर थांबली. तिथे केसाएवढी चीर होती. त्याने चार फॉर्म बाजूला काढले. तिचा सगळ्यांत वर ठेवला. मग खाली. मग पुन्हा वर.

साडेचारला केतकर आले. फॉर्म हातात घेतले आणि सवयीने नजर तळाशी नेली.

"सुधीर, खालचा रकाना कुठाय?"

"फाडला, साहेब."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

केतकरांनी टेबलाखालचा ढीग पाहिला. "ज्याची ओळख नाही, त्याची जबाबदारी कोण घेणार? मी?"

"मी घेतो. सहा महिन्यांत यांतलं एक जरी नालायक निघालं, तर मला टाइम ऑफिसात बसवा."

मंजुळा दोन पावलांवर होती. पट्टी पिशवीत घालायची म्हणून हातात घेतलेली, पण घालत नव्हती. केतकरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बोलले दुसरंच. चौघांना सोमवारी आठला बोलाव. आणि हा कचरा उचल.

सुधीर खाली बसला आणि पट्ट्या गोळा करू लागला.

१९८३ साली हाच फॉर्म सुधीरने भरला होता. सातव्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: त्र्यंबक केतकर, मामा.