डोंगरकड्याचा प्रोग्राम

“ताई, तुमी कान झाकून गाणं ऐकता काय?” विश्वंभरनं हातातला उघडा मोबाइल बाजूला ठेवला आणि दुकानातल्या स्पीकरचा आवाज वाढवला. “हे बघा, हितं. कडवं संपताना सोमेश्वर कसा श्वास सोडून राहिला. हे त्या गोदामात कधी ऐकू आलं का तुमाला? तिथं नुसता दणदणाट.”

“मला दणदणाटच पायजे,” मंजुषा म्हणाली.

“मग गिरणीत जाऊन बसा की.”

“गिरणीला शब्द न्हाईत, भाऊ.”

वसमतच्या बसस्टँडसमोर विश्वंभरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. संध्याकाळी दवाखाना सुटला की मंजुषा तिच्या गावची गाडी लागेपर्यंत तिथल्या बाकड्यावर टेकायची, आणि मग या दोघांचा वाद सुरू व्हायचा. वाद एकच, ‘गोदाम’चा. मोंढ्यातल्या एका रिकाम्या हळदीच्या गोदामात तीन पोरं याच नावानं वाजवायची. भुजंग गिटारवर, नरसिंग ड्रमवर आणि गाणारा सोमेश्वर. लग्नात वाजणाऱ्या बँडशी त्यांचं काही नातं नव्हतं. कर्कश गिटार, धडाधड ड्रम, आणि त्यावर आपल्याच बोलीत घसा फोडून म्हटलेली गाणी. ऐकणारे जिल्हाभरात मिळून शे-दीडशे, पण ते जीव टाकणारे. त्यांचा ‘गोदामवाले’ नावाचा ग्रुप होता आणि त्या ग्रुपात दोन तट होते. एक अल्बमवाल्यांचा, एक लाइव्हवाल्यांचा. पहिल्याचा म्होरक्या मूळचा पुसेगावचा विश्वंभर. दुसऱ्याची मंजुषा.

पहिल्या अल्बमपर्यंत वाद गमतीचा होता. दुसरा अल्बम पोरांनी पुण्याला जाऊन, चांगल्या स्टुडिओत केला आणि त्यानंतर प्रोग्राम घेणंच बंद केलं. तेव्हापासून मंजुषाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तिला ‘गोदाम’चं गाणं सापडलं होतं एका वाईट वर्षात. परभणीचं सासर सोडून ती माहेरी, आई गोजरबाईकडं, परत आली होती. सासरी तिला सगळ्यांनी एकच शिकवलं होतं : हळू बोल. पुढं नोकरी लागली ती कान-नाक-घशाच्या दवाखान्यात, आणि तिथं दिवसभर हेच वाक्य ती पेशंटांना सांगू लागली. दादा, हळू. मावशी, हळू. अशीच एकदा मोंढ्यातून स्टँडकडं येताना अर्ध्या उघड्या शटरखालून तिला ते ऐकू आलं. ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला फरशीवरची पिवळी भुकटी उडत होती आणि एक काळासावळा पोरगा डोळे मिटून ओरडत होता, “ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?” मंजुषा शटरपाशी उभी राहिली. तिची गाडी गेली. दुसरीही गेली. घरी पोचली तेव्हा तिच्या चपलांना हळद लागली होती आणि कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवली होती.

हे तिनं विश्वंभरला कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गोष्टही नव्हती. त्याला ती एवढंच म्हणायची, “अल्बमातला सोमेश्वर आंघोळ करून, भांग पाडून बसलाय, भाऊ. तो आपला न्हाई.”

त्या आठवड्यात ग्रुपात वाद फारच पेटला. कुणीतरी लिहिलं की आता प्रोग्रामची गरजच काय, सगळं नेटवर आहे. मंजुषाला राहवलं नाही. बसमध्ये खिडकीशी बसून तिनं आवाजी मेसेज पाठवला. भांगाचं वाक्य तर त्यात होतंच, पण पुढं ती बोलत गेली. “मशीनवर साफसूफ करून कुणीबी गातंय. माणसापुढं गायला भेव वाटत असंल, तर बँडवाल्यांनी तसं सांगावं. आमी समजून घेऊ.” पाठवल्यावर तिला जरा जास्त झाल्यासारखं वाटलं. पण खाली धडाधड अंगठे पडले आणि ती सुखावली. नरसिंग ग्रुपात होता. दोन-तीन दिवसांत त्यानंच जाहीर केलं : येत्या रविवारी डोंगरकड्याला, बाजाराच्या शेडमध्ये, ‘गोदाम’ लाइव्ह.

शुक्रवारी सोमेश्वर दवाखान्यात आला.

गळ्याभोवती रुमाल गुंडाळून तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. मंजुषानं त्याला लगेच ओळखलं. त्यानं तिला ओळखायचं काही कारण नव्हतं; ती गर्दीतलं एक तोंड. तिनं त्याला आत नेलं, खुर्चीवर बसवलं, “मान सरळ ठेवा, जीभ बाहेर,” म्हणाली. डॉक्टरांनी दुर्बीण घातली. समोरच्या पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या थरथरताना दिसल्या आणि त्यांतल्या एकीवर ज्वारीच्या दाण्याएवढा लाल फोड.

“काय करतोस?” डॉक्टरांनी विचारलं.

“गातो.”

“दीड महिना तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंही नाही. गाणं तर विसरूनच जा. या फोडावर जोर आला ना, तर आवाज परत येईल याची खात्री मी देणार नाही.”

बाहेर काउंटरवर मंजुषा त्याला गोळ्या समजावून देत होती. तो ऐकत होता, पण गोळ्यांकडं बघत नव्हता. मग बसक्या आवाजात म्हणाला, “रविवारी डोंगरकड्याला प्रोग्राम हाय आमचा.”

मंजुषानं पाकिटावर खुणा करणं थांबवलं नाही.

“न्हाई गेलो, तर लोक म्हणतील भेला,” तो म्हणाला. “ग्रुपात एक ताई म्हणल्या बी तसं. तुमाला काय वाटतं? जाऊ का नको?”

जाऊ नका, एवढं म्हणायचं होतं. पडद्यावरचा फोड तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ती ताई मीच, आणि मी मूर्खासारखी बोलले, एवढं म्हटलं असतं तर तो मुकाट घरी गेला असता. पण प्रोग्राम बंद पडला की विश्वंभर हसणार हे तिला दिसलं. आणि त्याहीपेक्षा, खरं सांगायचं तर, शटरखालून आलेला तो आवाज तिला पुन्हा एकदा अंगावर घ्यायचा होता. गेलं वर्षभर ती त्यासाठी तहानलेली होती.

“डॉक्टर थोडं जास्तच सांगतात,” ती म्हणाली. “त्याबिगर लोक ऐकत न्हाईत ना. गरम पाणी पेत राहा. एका प्रोग्रामानं काय होतंय?”

त्याचा चेहरा असा मोकळा झाला की तिला खाली बघावं लागलं.

परतीच्या बसमध्ये तिनं मोबाइलवर लिहिलं, सोमेश्वरची तब्येत बरी नाही, प्रोग्राम पुढं ढकला. पाठवायच्या आधी तिनं ते पुसलं. पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते, असा तिनं स्वतःला दाखला दिला. दाखला चांगला होता. घरी गेल्यावर आईनं विचारलं, “जेवून काहून न्हाई राहिली?” तेव्हा ती म्हणाली की डोकं दुखतंय.

रविवारी दुपारी डोंगरकड्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वसमतहून, कळमनुरीहून, पार सेनगावकडूनही पोरं आली होती. पत्रे तापलेले. विश्वंभर आला होता, “बघू तर खरं, तुमचं लाइव्ह,” म्हणत. मंजुषा त्याच्या शेजारी, अगदी पुढं उभी होती.

पहिल्या गाण्याला सोमेश्वर जपून गायला. मंजुषाला बरं वाटलं. असंच जपून गाऊ दे, तिनं मनात म्हटलं. मागून कुणीतरी ओरडलं, “आवाज!” दुसऱ्या गाण्याला त्यानं आवाज मोकळा सोडला आणि शेड हादरलं. तिच्या पोटात, छातीत, दातांत ते गाणं वाजू लागलं. चौथ्या गाण्यात वरच्या पट्टीत जाताना त्याचा आवाज मधोमध फाटला. कापड फाटावं तसा. लोकांना वाटलं, त्यानं मुद्दामच तसं केलं. शिट्ट्या, आरोळ्या, टोप्या वर. विश्वंभरनं तिचा दंड धरला आणि कानाशी ओरडला, “मानलं, ताई!”

सोमेश्वरनं हात गळ्याला लावला. हनुवटीखाली, दोन बोटांनी. दवाखान्यात माणसं तिला जागा दाखवायची, तसा. तिनं ते पाहिलं. स्टेज चार हातांवर होतं. ती पुढं जाऊन नरसिंगला खुणावू शकली असती. गाणं संपलं, भुजंगनं गिटार उतरवायला घेतली, आणि सगळं शेड “अजून एक! अजून एक!” करू लागलं. थोड्या वेळानं मंजुषाच्या ध्यानात आलं की त्यात आपलाही आवाज आहे.

ते शेवटचं गाणं होतं, शटरपाशी ऐकलेलं. “ऐकू येतंय का?” सोमेश्वरनं विचारलं. “येतंय!” लोक ओरडले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा नुसती खरखर आली. “येतंय!” तिसऱ्यांदा त्याचे फक्त ओठ हलले. माइकमध्ये काहीच गेलं नाही.

“येतंय!” लोक ओरडले.

मंजुषा गप्प होती.

दुसऱ्या दिवशी विश्वंभरनं तिच्यासाठी पेढे आणून ठेवले होते. “हरलो मी. ग्रुपातबी लिहून टाकलं, अल्बम तो अल्बम, पण लाइव्ह ते लाइव्ह.” त्यानं प्रोग्राम मोबाइलवर टिपून घेतला होता. “हे ऐका, हितं. आवाज कसा फाटला बघा! असं पुण्याच्या मशीनीत कुठून येणार?”

“बंद करा, भाऊ.”

“आवं, पुढं तर ऐका.”

“बंद करा म्हणलं ना!”

विश्वंभरनं आवाज बंद केला. तिचे डोळे भरलेले पाहून तो समजुतीनं हसला. खऱ्या रसिकाला असंच होतं, असं त्याला वाटलं असावं. पेढा हातात धरून ती बाकड्यावर बसून राहिली. ग्रुपात तिच्या नावानं अभिनंदनाचे मेसेज येत होते. ते दोन दिवस येत राहिले.

बुधवारी सोमेश्वर आला तो आईला घेऊन. कौशल्याबाई उन्हानं रापलेल्या, उंच, डोक्यावरून पदर घेतलेल्या. डॉक्टरांनी दुर्बीण घातली. पडद्यावरची एक पट्टी पूर्ण लाल झाली होती आणि हलत नव्हती.

“कुणी सांगितलं होतं तुला गायला?” डॉक्टरांचा आवाज चढला. “मी नको म्हटलं होतं की नव्हतं?”

मंजुषाच्या हातात निर्जंतुक पाण्याची वाटी होती. ती वाटीतल्या पाण्याकडं बघत राहिली. सोमेश्वरनं डॉक्टरांकडं पाहिलं, मान खाली घातली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मीच.

डॉक्टरांनी नांदेडच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. ऑपरेशन लागेल. बोलण्यापुरता आवाज बहुतेक येईल. गाण्याचं आता कुणी विचारू नये.

बाहेर आल्यावर कौशल्याबाई काउंटरपाशी आल्या. “बाई, एक इचारू? ग्रुपातल्या ताई म्हणजे तुमीच का?”

मंजुषानं वर पाहिलं. “कुणी सांगितलं?”

“ह्येनंच. बोलता येत व्हतं तवा. शुक्रवारी घरी आलं अन् म्हणलं, आई, ग्रुपात बोलणाऱ्या ताई डाक्टरकडंच कामाला हायत. बोलल्याबरोबर वळखलं म्हणं. गाण्याचे कान हायत त्याचे. म्हणलं, त्यानला गाण्याचंबी कळतंय अन् दवाखान्याचंबी, त्याच जा म्हणल्या तर मग भेव न्हाई.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या फक्त ओळख पटवून घेत होत्या. “बापाच्या मेंढरामागं हाळ्या देऊन देऊन गळा झाला व्हता त्याचा. पल्याडच्या शिवारात ऐकू जायचं. आता डाक्टर म्हणतेत त्ये बराबर हाय का, बाई? का ह्येबी जास्तच सांगतेत?”

सोमेश्वर दाराशी उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

“बराबर हाय,” मंजुषा म्हणाली. “तवाबी बराबरच व्हतं. मी खोटं सांगितलं त्याला.”

“काहून?”

“मला ऐकायचं व्हतं.”

कौशल्याबाई तिच्याकडं बघत राहिल्या. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं आपला नंबर कधी म्हणून विचारलं. शेवटी कौशल्याबाईंनी चिठ्ठीची घडी केली आणि कमरेच्या पिशवीत खोचली.

“नांदेडची गाडी कुठं लागती?” त्यांनी विचारलं.

मंजुषा काउंटर सोडून त्यांच्यासोबत निघाली. रस्त्यात सोमेश्वर तिच्या एका बाजूला चालत होता. एकदा मागून ट्रॅक्टर आला तेव्हा त्यानं हातानं तिला कडेला घेतलं, तेवढंच. त्यात क्षमा होती की नुसती सवय, हे तिला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क तिला नव्हता.

गाडी लागलेलीच होती. दोघं चढले, तिसऱ्या खिडकीशी बसले. मंजुषा खाली उभी राहिली. गाडी सुटायच्या आधीच कंडक्टर तिकिटं फाडत मागं सरकत होता.

“कुठं, पैलवान?”

सोमेश्वरनं तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं, मग त्यानं ते मिटलं आणि आईकडं पाहिलं.

“नांदेड,” कौशल्याबाई म्हणाल्या. “एक फुल, एक हाफ.”

“त्यांना बोलता येत न्हाई का?”

“येतं,” त्या म्हणाल्या.

गाडी हलली. मंजुषा धुरात उभी राहिली, आणि काही वेळानं दवाखान्याकडं चालू लागली.