मामाचा डावा पाय

गाडी एकच होती आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोघं. मामा शाळेत भूगोल शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर शर्यतीत उतरायचा. त्याची भाची दातांची डॉक्टर. ती तीच गाडी पुढच्या रविवारी आडवी घसरवत न्यायची, धूर काढत. दोघांनी मिळून गाडी घेतली तेव्हा आपलं कधी वाजणार नाही असं ठरलं होतं. गिअरबॉक्स बंद पडेपर्यंत ते टिकलं.

मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडला, आतले तुटलेले दात बशीत काढले आणि भाचीपुढे सरकवले. "डॉक्टरीणबाई, तुमचं खातं. कशाने पडले सांगा."

भाचीने एक दात उजेडात धरला. "किडलेला नाही. मारहाण झालीय."

"तुझ्या घसराघसरीने," मामा म्हणाला.

"तुझ्या हाताने! तू गिअर टाकत नाहीस मामा, कोंबतोस."

"दोघांनी मिळून मारलाय," मिस्त्री म्हणाला. "आता नवा कुठला बसवू ते सांगा. आणि एकाच तोंडाने सांगा."

नवा घ्यायचा तो शर्यतीचाच, यावर वाद नव्हता. त्यात गिअर ओळीने, एकामागून एक पडतात, आणि गाडी एकदा हलली की दरवेळी क्लच दाबावा लागत नाही. फाटे फुटले ते पुढे. मामाला स्टिअरिंगमागे बोटांनी ओढायच्या पट्ट्या हव्या होत्या. हात जागचा हलायला नको. भाचीला नेहमीसारखी गिअरची दांडी हवी होती.

"गाडी आडवी झाली की स्टिअरिंग भिंगरीसारखं फिरतं," ती म्हणाली. "उजवी पट्टी डावीकडे जाऊन बसते. तेव्हा काय, चष्मा लावून शोधू?"

शिवाय मामाला सरळ रस्त्यावर वेग देणारे लांब पल्ल्याचे गिअर हवे होते आणि भाचीला झटक्यात जोर देणारे, जवळजवळचे. आठवडाभर दोघं एकमेकांशी फक्त मिस्त्रीमार्फत बोलत होते. शेवटी मिस्त्रीच कंटाळला आणि त्याने गिअरबॉक्स विकणाऱ्या माणसाला त्याची नमुन्याची गाडी घेऊन ट्रॅकवर बोलावलं.

विक्रेता इस्त्रीच्या कपड्यांत आला. त्याच्या गाडीत पट्ट्या होत्या आणि क्लचचा पेडलच नव्हता. गाडी सुरू करायपुरता क्लच हाताने दाबायचा, बाकी खाली फक्त दोन पेडल. त्यातला ब्रेक चांगला ताटाएवढा रुंद.

"हेच पाहिजे!" असं म्हणून मामा आत बसला. विक्रेता शेजारी बसला. सरळ रस्त्यावर मामाने असे सटासट गिअर टाकले की भाचीचासुद्धा चेहरा उतरला. मग वळण आलं. मामाने खालचा गिअर ओढला, आणि त्याचा डावा पाय, जो उभ्या आयुष्यात अशा वेळी क्लचच दाबत आला होता, पूर्ण ताकदीने ब्रेकवर पडला. गाडी जागीच खिळली. विक्रेत्याचा चष्मा काचेला जाऊन चिकटला.

"ब्रेक उत्तम आहेत," मामा परत येऊन म्हणाला.

भाची खदाखदा हसली आणि आत बसली. विक्रेता या वेळी बाहेरच थांबला. तिने गाडी अशी सुरेख आडवी घातली की मिस्त्रीने शिट्टी मारली. पण घसरण मंदावली तशी, चाकं पुन्हा सुटावीत म्हणून, तिने सवयीने क्लचला एक लाथ हाणली. लाथ बसली ब्रेकला. गाडी गरगर फिरली आणि तोंड बघणाऱ्यांकडे, म्हणजे ट्रॅकच्या उलट दिशेला करून बंद पडली. आता मामा हसत होता, पण आवाज न करता. भाचीच्या हातात दात काढायचं सामान असतं हे तो विसरला नव्हता.

मामी एवढ्यात डबा घेऊन आली होती. तिचं लाँड्रीचं दुकान, आणि कपडे पोचवायची गाडी ऑटोमॅटिक. क्लच शिकवताना मामाने एकदा तिच्यावर आवाज चढवला होता. तेव्हापासून तिने क्लचचं नाव टाकलं होतं.

"दोनच पेडल आहेत ना? मग द्या इकडे," ती म्हणाली.

"अगं, ही शर्यतीची गाडी आहे!"

"अहो, मी इस्त्रीचे शर्ट टांगून गाडी चालवते. एक सुरकुती पडली तर गिऱ्हाईक परत पाठवतं."

तिने पहिला फेरा बेतानेच मारला. दुसरा जरा जोरात. तिसऱ्यात मिस्त्रीने हातातलं घड्याळ बघितलं, कानाला लावून चालू असल्याची खात्री केली आणि मामाच्या तोंडाकडे पाहणं टाळलं. मामीने गाडी अलगद आणून उभी केली. विक्रेत्याचा चष्मा वाकला होता, तरी त्याने तिला वाकून नमस्कार केला.

मग मात्र निर्णय चटकन झाला. पट्ट्या नकोत, हे मामाने स्वतःहून सांगितलं. दांडीचा गिअरबॉक्स आणि क्लचचा पेडल जागच्या जागी; चालत्या गाडीत कुणाला सवयीने दाबायचा असेल तर खुशाल दाबावा.

"मागच्या चाकांमधली दातेरी जोडी बदलता येते," मिस्त्री म्हणाला. "मामांच्या रविवारी लांब पल्ल्याची, डॉक्टरीणबाईंच्या रविवारी आखूड."

"आणि माझ्या रविवारी?" मामीने विचारलं.

मामाने घाईने डबा उघडला. मग भाची म्हणाली, "मामी, क्लच मी शिकवते."

"तूच शिकव," मामी म्हणाली. "हे लांब बसतील."

मामा नव्या गिअरबॉक्सवर सातवा आला. एकही गिअर चुकला नाही, म्हणून मिस्त्रीच्या गळ्यात पडला. भाची दुसऱ्या फेरीत टायर फुटून बाहेर पडली, पण धूर एवढा निघाला होता की तिला त्याचं दुःख नव्हतं.

मामीच्या पहिल्या शर्यतीला मामाने गाडीतल्या मामीशी बोलायचा रेडिओ कानाला लावला. "गिअर टाक! आता ब्रेक! अगं, ब्रेक!"

"अहो," मामीचा आवाज आला, "दुकानातून काही निरोप आलाय का?"

"नाही."

"मग ठेवा."

आणि रेडिओ बंद झाला. मामी नववी आली. आपण सातवे आलो होतो हे मामाने परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा सांगितलं. कुणी खोडून काढलं नाही. भाची लाँड्रीची गाडी चालवत होती, आणि मामी मागे, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर, गाढ झोपली होती.