मांडवावरची ताडपत्री

"देवमन, हे काय करून ठेवलं बाप्पा?"

भाजीची पिशवी हातात तशीच धरून सिपोरामावशी अंगणात उभी राहिली. शिंदीच्या फांद्यांनी शाकारलेल्या मांडवावर शेजारच्या देवमननं निळी ताडपत्री अंथरली होती.

"आभाळ भरून आलतं ना, मावशी. म्हटलं पाव्हने भिजतीन."

त्याच्यावर रागवावं तरी कसं? दर सुक्कोथला, म्हणजे मांडवाच्या सणाला, शिंदी आणायचा तो त्याचा बाप. बाप थकला म्हणून यंदा देवमन आला. या मांडवाचं छप्पर विरळ लागतं, आत बसल्यावर तारे दिसावे लागतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मावशी अकोल्यात नर्स होती. नवरा शिमशोन गेल्यावर सण शिकवायचं काम तिनं अंगावर घेतलं. अकोला-अमरावतीतल्या तरुण ज्यू जोडप्यांना सणांची नावं तेवढी ठाऊक असायची. त्यांना ती बोलावून घ्यायची, काळ्या मनुकांचं सरबत करायला शिकवायची, लेकरांकडून मांडवात लिंबं-सीताफळं टांगून घ्यायची. नियमाला मोठी पक्की. एकदा कडुनिंबाच्या फांदीखाली मांडव आला म्हणून तिनं अख्खा उखडायला लावला होता.

एकेक कुटुंब गेलं, कुणी इस्रायलला, कुणी ठाण्याला. उरलं अमरावतीतलं नओमी-एलियाजचं. गेल्या साली सण झाला आणि त्यांची थोरली यायेल डेंग्यूनं गेली. तेव्हापासून नओमीनं शुक्रवार संध्याकाळचा शब्बाथचा दिवासुद्धा लावला नव्हता. एलियाज फोनवर म्हणाला होता, "ह्या सणाले आनतो तिले, मावशी. आता मांडवात नाई बसली तं मंग कधीच नाई बसनार."

"काढतो लगेच," म्हणून देवमननं ताडपत्रीला हात घातला, तेवढ्यात फाटक वाजलं. पुढे नओमी, मागे धाकट्या शिराला कडेवर घेतलेला एलियाज. नओमीनं वर पाहिलं आणि ती सरळ आत जाऊन बसली.

"राहू द्या ते, मावशी. मले वर पायचं नाई. जो तो म्हनून राह्यला, लेकरू तारा झालं तुमचं. संध्याकाळची मी गच्चीवर जात नाई."

ताडपत्रीखालचा मांडव मांडव नव्हेच, हे तिनंच या पोरीला परकरात असताना शिकवलं होतं.

"राहू दे रे, देवमन," ती म्हणाली.

अंधार पडला. मावशीनं सरबताचा पेला उचलून त्यावरचा आशीर्वाद, किद्दूश, म्हटला आणि मांडवात बसण्याची प्रार्थना, ती बेराखा, न म्हणताच पेला खाली ठेवला.

"मांडवाची बेराखा राह्यली," नओमी म्हणाली.

"आज नको. जेवून घ्या."

ताडपत्रीखाली ती म्हणता येत नाही, हे नओमी समजली. शिरा मात्र मान वर करून बघत होती.

"आजी, तारे कुठं हायत? ताईनं मले दाखवले होते."

एलियाजचा घास हातातच राहिला. वर्षभरात त्या घरात कुणी 'ताई' म्हटलं नव्हतं. मावशीला वाटलं, आता नओमी उठेल आणि निघून जाईल.

नओमी उठली खरी. पण फाटकाकडे गेली नाही. टाचा उंचावून तिनं ताडपत्री मागं सारली. आभाळ केव्हाच निवळलं होतं. शिंदीच्या पानांमधून चांदणं दिसू लागलं.

"दिसला!" शिरा ओरडली.

नओमी परत जागेवर बसली आणि तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

"म्हना आता," ती म्हणाली.

मावशीनं बेराखा म्हटली. तिच्यापाठोपाठ आणखी एक म्हणायची असते, आम्हाला जिवंत ठेवून या दिवसापर्यंत आणलंस म्हणून देवाचे आभार मानणारी. तिथं येऊन मावशी अडली.

मिटल्या डोळ्यांनीच नओमीनं ते शब्द पुरे केले.