रविवार, नऊ ते पाच

सकाळी सहा ते नऊ : साधा दर

"अवो, तो सॉकेट अजून किती पुसान? घासून घासून त्यातला करंट निघून जाईन!" प्रेमिलाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

रुपराव पोर्चमध्ये स्टुलावर उभे होते. हातात कोरडं फडकं. भिंतीवर पंधरा अँपिअरचा एकच सॉकेट, त्याच्या वर फक्त गाडीची वीज मोजणारं छोटं सबमीटर.

"धूळ बसते वं."

"पोरगी गाडी चार्ज करायले येते. मुलगी पाहायले पाव्हणे नाही येऊन राहिले."

रुपरावांनी सॉकेटवरून पुन्हा फडकं फिरवलं. गच्चीवरचे सहा पॅनेल तर त्यांनी उजाडायच्या आधीच धुतले होते.

शुक्रवारी लेकीचा, दीक्षाचा फोन आला होता. ती सावनेरला सरकारी दवाखान्यात नर्स. ती आणि नवरा साहिल राहायचे त्या भाड्याच्या घरात गाडी लावायला जागा होती, वीज नव्हती. "बाबा, घरमालक तयार झाले एकदाचे. साहिलनं खालीच चार्जर बसवला, वेगळं मीटर घेऊन. आता तुम्हाला त्रास नाही."

"रविवारी?" रुपरावांनी विचारलं होतं.

"बघते ना."

त्रास हा शब्द शुक्रवारपासून घरात होता. कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी : दर निवडताना

"काका, दोन रस्ते आहेत," सोलर बसवणारा नत्थू म्हणाला होता. "एक, गाडीसाठी वेगळं मीटर. मग कवाबी लावा. संग मोठा चार्जर. ताई संध्याकाळी आली, जेवणखाण झालं, गाडी रेडी. निघाली."

"अन् दुसरा?"

"घरच्याच मीटरवर. दिवसा नऊ ते पाच सवलत, वरून तुमचं स्वतःचं ऊन. पण मग दिवसाच लावा लागन. अन् साधा सॉकेट असला तर सात-आठ तास धरा. कोण बसते बाप्पा एवढं?"

रुपरावांनी एकतीस वर्षं लोकांच्या घरचे मीटर वाचले. माणसं दारात उभी राहून काही सांगत नसत, पण आकडा सांगायचा. मुलगा नोकरीला पुण्याला गेला की पंखा कमी व्हायचा. सून आली की मिक्सर वाढायचा. म्हातारं गेलं की टीव्ही थांबायचा. कुलूप दिसलं की शेऱ्याच्या रकान्यात ते लिहायचे : घर बंद.

दीक्षाच्या लग्नानंतर त्यांच्या स्वतःच्या घरचे युनिट निम्म्यावर आले होते. दाराला कुलूप नव्हतं, म्हणून तसा शेरा लिहिता येत नव्हता.

"दुसरा," ते म्हणाले.

"काका, पहिला सोयीचा पडते—"

"एकतीस वर्षं याच्यातच काढली गा मी. मले समजते."

त्याच संध्याकाळी त्यांनी दीक्षाला फोनवर सगळा दर समजावून सांगितला. नऊला ये. पाचच्या आत हलू नको. मध्येच काढली तर सवलत जाते.

शेवटचं वाक्य कुठल्याच दरपत्रकात नव्हतं.

ती आली. आठ रविवार आली. पहिल्या रविवारी फोनमध्ये डोकं घालून बसली. तिसऱ्या रविवारी जुन्या खाटेवर तोंड उघडं टाकून झोपली, लहानपणी झोपायची तशी, आणि रुपरावांनी कुकरची शिटी होण्याआधीच गॅस बंद केला. सहाव्या रविवारी आईच्या केसांना तेल लावता लावता ड्युटीवरचं काहीतरी सांगितलं आणि रडली. कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. चार वाजायचे होते. वेळ होता.

नऊ ते पाच : सवलत

आज नऊ पस्तीसला मानेवाडा रोडकडून पांढरी गाडी वळली.

"उशीर झाला, बाबा."

"होते."

तिनं डिकीतून चार्जर काढला. रुपरावांनी पिन सॉकेटमध्ये बसवली, वायरीवरची डबी खिळ्याला अडकवली. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. त्यांनी सबमीटरचा आकडा बघून घेतला. जुनी सवय.

"ये वं आत," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "पाटोडी रस्सा केला. अन् तुमच्या घरी चार्जर लागला म्हणते? आता काय, मोठे लोक झाले तुमी."

"आई, टोमणे नको मारू ना."

"टोमणा कायचा? खरं ते बोलून राहिली."

रुपराव पोर्चमध्येच खुर्ची टाकून बसले. पेपर उघडला. पान उलटलं नाही.

साडेअकराला दिवा लुकलुकायचा थांबला. हिरवा, स्थिर. गाडी भरली होती.

रुपरावांनी घड्याळ बघितलं. पुन्हा दिवा बघितला. सात तास लागायचे, दोन तासांतच झालं. त्यांनी आत नजर टाकली, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि डबीवर टांगला.

"तिथं काहून टांगला जी?" खिडकीतून प्रेमिलाबाई.

"ऊन लागते डबीले."

ते आत गेले. दीक्षा जमिनीवर बसून लसूण सोलत होती. तिचा फोन टेबलावर होता, स्क्रीन अजून उजळलेली. चष्मा नसतानाही त्यांना वाचता आलं : चार्जिंग पूर्ण.

दीक्षानं हात लांब करून फोन पालथा घातला.

"कोणाचा होता वं?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"कंपनीचा मेसेज. येतच राहतात." ती लसणाकडे बघत म्हणाली, "बाबा, कूलर नाही उतरवला अजून? मार्च संपत आला. खसच्या ताट्या आणल्या का?"

"आणल्या. वर आहेत."

"मग लावून टाकू. तसंही... वेळ आहे ना अजून?"

"आहे," रुपराव म्हणाले. "पाचपर्यंत आहे."

दोघांनी माळ्यावरून कूलर उतरवला. टाकी घासली. जुन्या ताट्यांचा भुसा तिच्या केसांत, त्यांच्या मिशीत. नव्या ताट्यांना तारा बांधताना तिनं लहानपणीसारखी जीभ बाहेर काढली होती. मोटर चालू केली, पहिलं पाणी ताट्यांवरून उतरलं आणि खोलीभर ओल्या वाळ्याचा वास पसरला. तिघं कूलरसमोर बसली. गरज नव्हती एवढी थंडी झाली. कोणी उठलं नाही.

संध्याकाळी पाच ते दहा

पाच वाजून पाच मिनिटांनी दीक्षा पोर्चमध्ये आली. तिनं डबीवरचा दुपट्टा उचलला. दिवा बघितला. रुपराव कुंडीतल्या तुळशीकडे बघत होते.

"झाली फुल," ती म्हणाली.

"होतेच. सात-आठ तास लागतात तिले."

"हो ना."

तिनं वायर गुंडाळली, चार्जर डिकीत टाकला. दुपट्ट्याची नीट घडी केली आणि रिकाम्या सॉकेटवर टाकली. आईनं रस्स्याचा डबा पुढच्या सीटवर ठेवला, सांडेल म्हणून त्याला पट्टा लावला. पुढच्या रविवारचं कोणी विचारलं नाही.

"येते, बाबा."

"ये."

गाडीला आवाज नव्हता. ती कधी वळली ते फक्त दिसलं.

रुपराव सबमीटरसमोर उभे राहिले. सहा युनिट. दर रविवारी वीस-बावीस असायचे. त्यांनी मनात भागाकार केला. सावनेर ते मानेवाडा, चाळीसेक किलोमीटर. तिथून इथवर गाडीला लागते तेवढीच वीज. म्हणजे घरून निघताना गाडी पूर्ण भरलेली होती. आज भरली ती फक्त येण्याची.

"किती खाल्ली आज गाडीनं?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"नेहमीएवढीच."

त्यांनी सॉकेटवरच्या घडीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दुपट्टा घ्या आत. आता कायले तिथं?"

"राहू दे. ऊन लागते सॉकेटले."

ऊन केव्हाच उतरलं होतं.