थोरलीच्या मनगटावरचा घाव

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. लोहाराने मला बडवून बडवूनच घडवलं, त्यामुळे मारण्याची मला कधी लाज वाटली नाही. भंगाराच्या गोदामात मी नळ फोडले, कुकर चेपले, मोटारींची पोटं फाडून तांबं काढलं. त्याच तांब्याची पुन्हा तार होते, पितळेच्या तोट्या, ॲल्युमिनियमची झाकणं, लोखंडाच्या सळया. मोडल्याशिवाय नवं घडत नाही, असा माझा तोरा होता.

गोदाम दोघी बहिणींचं. धाकटी मला घेऊन भंगार फोडायची, थोरली ते भट्टीत वितळवायची. पोकळ वस्तू फोडून रिकामी झाली की धाकटीने "मोकळं!" म्हणून ओरडायचं आणि मगच थोरलीने चिमटा उचलायचा, असा त्यांचा शिरस्ता. बंद नळीत पाणी राहिलं आणि ती वितळलेल्या धातूत पडली, तर मोठा स्फोट होतो.

एकदा थोरलीने नजरचुकीने आईचा पितळी डबा वितळवून टाकला. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, तुझ्याशी आता एक शब्द बोलणार नाही!"

आणि खरंच बोलली नाही. मुकाट्याने फोडायची, "मोकळं!" न म्हणताच तुकडे पुढे ढकलायची. थोरलीही हट्टी, विचारायची नाही. तिसऱ्या दिवशी थोरलीने चिमट्यात दोन्ही तोंडं बंद असलेली एक जाड नळी धरली. त्या नळीला मी शिवलोही नव्हतो.

"ताई, टाकू नको!" धाकटी लांब दाराशी होती, तिथून किंचाळली. भट्टीच्या पंख्याच्या घरघरीत ते कुणाला ऐकू येणार? तिने सारं बळ एकवटून मला फेकलं.

मी थोरलीच्या मनगटावर बसलो. हाड कडकन मोडलं. नळी फरशीवर आपटून उकलली आणि वाटीभर पाणी सांडलं. ओरडणाऱ्या थोरलीची नजर त्या पाण्यावर गेली.

"रडतेस काय गं?" ती कण्हत धाकटीला म्हणाली. "हातच मोडलाय ना? जीव तर वाचला!"

लोकांनी माझं फार कौतुक केलं. पण मनगट वाकडंच जुळलं. त्या हाताने थोरलीला साधा पेला उचलवत नाही. धाकटी रोज तिची वेणी घालते आणि मला मात्र शिवत नाही. मी कोपऱ्यात गंजतो आहे.

मित्रांनो, बंद डबे, नळ्या उघडून, रिकाम्या करूनच भंगारात द्या. भांडायचं तर खुशाल भांडा, पण सावध करणारा शब्द रागापोटी गिळू नका. धाकटीने तो गिळला, म्हणून मला तिच्या बहिणीचं हाड मोडावं लागलं.