रूमी टोपी

फादर ओरेस्ते यांना मराठी मी शिकवली. देगलुरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना नाही त्यांना मी स्वतः सांगतो. निजामाच्या शाळेत सारा अभ्यास उर्दूतून. माझ्या मराठीच्या तासाला पोरं पेंगायची. आपणहून मराठी शिकायला आलेला माझा एकच विद्यार्थी, तो इटलीचा हा गोरा पाद्री. चार वर्षं रोज संध्याकाळी मिशनच्या ओसरीवर मी त्यांच्याकडून विभक्त्या घोटून घेतल्या.

आणि ते बोलायचे कसे, तर दानम्मासारखे.

दानम्मा त्यांची स्वयंपाकीण. कोंबड्यांना, देवाला आणि खुद्द पाद्र्यांनाही ती 'तू'च म्हणायची. त्यांनी तेवढं बरोबर उचललं. मी 'आपण' शिकवून शिकवून दमलो. ते तहसीलदारालाही 'तू बस' म्हणाले. 'मला भूक लागली आहे' हे माझं वाक्य वहीत राहिलं आणि तोंडी 'लई भूक लागली' बसलं. तेव्हापासून ती बाई मला डोळ्यांसमोर नको असते.

पुढे तापानं खंगून ते मायदेशी गेले. तिकडे आधी मास्तरकी, मग बिशप, आणि यंदा, सेहेचाळीस साली, कार्डिनल. म्हणजे पोपच्या खालोखालचा मान. नवे पाद्री वर्तमानपत्रातला फोटो घेऊन आले, तेव्हा मी दानम्माला समजावलं, की त्यांना रोमची लाल टोपी मिळाली.

"रूमी टोपी?" ती म्हणाली. "बाबा तहसीलदार झाला की काय?"

इथले साहेब लोक घालतात ती लाल, गोंड्याची टोपी तिला वाटली. मी हसलो, आणि मनातून फार सुखावलो. असल्या बाईला कार्डिनल म्हणजे काय ते कळणार होतं थोडंच.

महिनाभरानं नव्या पाद्र्यांना रोमहून आलेल्या पाकिटातून एक वेगळी घडी निघाली. वर देवनागरीत नाव: दानम्मा. नव्या पाद्र्यांना तेलुगू येई, मराठी नाही, आणि दानम्माला अक्षरओळख नाही. म्हणून मला बोलावणं आलं.

अक्षर माझं होतं. म्हणजे मी गिरवून घेतलेलं. 'ळ'ची गाठ माझ्यासारखीच किंचित वर. मी घसा साफ करून वाचू लागलो.

"दानम्मा, तू कशी हाय? मला लाल टोपी दिली. लई जड हाय. लोक अंगठीचा मुका घेत्यात, मला हसू येतं. हिथं अंबाडीची भाजी न्हाई. तुझी लई याद येती. देवाला माझं नाव सांग. ओरेस्ते."

संपलं. मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी. चार वर्षांच्या विभक्त्या, आणि माझ्या नावानं एक ओळ नाही. दानम्मा पदरानं डोळे पुसत होती. मी कागद पुन्हा सुलटा धरला आणि वाचल्यासारखं म्हणालो, "ता. क. रेणुकादास गुरुजी कसे आहेत? त्यांना माझा सादर नमस्कार."

तिचा पदर तिथंच थांबला.

"हे बाबानं न्हाई लिवलं, गुरुजी."

"कशावरून?"

"बाबा कवाच 'कसे आहेत' म्हणत न्हाई. 'गुरुजी कसा हाय' म्हणला असता."

नवे पाद्री आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांना काही उमजलं नाही, एवढंच नशीब. मी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत बसलो.

दानम्मानं आतून पाट आणून माझ्यापुढे ठेवला. "जवाब लिवा," म्हणाली, आणि सांगू लागली. शेळी व्याली. अंबाडी वाळवून ठिवली हाय, कुणी येणारं असलं तर धाडती. मग जरा थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "'गुरुजी बी तुझी लई याद करतो. त्याला बी दोन ओळी लिव,' असं घाला."

टाक दौतीत बुडवला. बावीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत मोठ्या माणसांच्या नावापुढचं 'करतो' खोडून 'करतात' करत आलो आहे. त्या दिवशी मी ती सांगत होती तसंच लिहिलं, 'करतो'.