सगळेच डबे स्ट्रॉबेरीचे

मागच्या खोलीतला फ्रीझर माझा आहे, हे आधीच सांगून ठेवते. स्वयंपाकघरातला फ्रिज सगळ्यांचा, त्यात कोणीही डोकं घालावं. पण मागे, धुण्याचं मशीन, सायकली आणि रंगाचे अर्धवट डबे यांच्यामध्ये बसलेला तो वरून उघडायचा पांढरा पेटारा कारखान्याच्या कँटीनमधून आलाय. तिथलं स्वयंपाकघर मी चालवायचे. कँटीन बंद झालं तेव्हा लोकांनी टेबलं-खुर्च्या नेल्या, मी हा उचलला. टेम्पोवाल्याने तेव्हा नाक मुरडलं होतं. त्याचा टेम्पो एव्हाना भंगारात गेला असेल, माझा फ्रीझर चालू आहे.

त्याच्याबरोबर रिकामे डबेही आले. कँटीनमध्ये कायम एकच आइस्क्रीम यायचं, त्यामुळे आमच्याकडे जे काही गोठवलं जातं ते स्ट्रॉबेरीच्या डब्यात. मटार, टोमॅटोचा रस, सूपसाठी उकळलेलं भाज्यांचं पाणी, सगळ्यांवर तेच गुलाबी चित्र. नवा माणूस हमखास फसतो. नव्याचं कशाला, आमचे हे अजूनही अधूनमधून चमचा घेऊन मागच्या खोलीत जातात आणि हात हलवत परत येतात. मला मात्र डबा हातात घेतला की आत काय आहे ते कळतं. वर लिहून ठेवायची कधी गरज पडली नाही.

त्या दिवसांत त्यातला एक डबा घरातल्या सगळ्या वस्तूंपेक्षा मोलाचा होता. सुनेला डॉक्टरांनी एक औषध दिलं होतं आणि ते संपेपर्यंत बाळाला अंगावर पाजायचं नाही असं बजावलं होतं. औषध सुरू होण्याआधी तिने मिळेल त्या वेळी दूध काढून साठवलं. पहाटे उठून काढलं, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत फायलींच्या खोलीला आतून कडी लावून काढलं. छोट्या चपट्या पिशव्यांत भरून वर तारखा टाकल्या. पिशव्या घसरतात म्हणून मीच त्या एका डब्यात रचल्या. आमची नात, जिला आम्ही ढमी म्हणतो, पावडरचं दूध तोंडाला लावू देत नाही. चमचाभर आत गेलं की तेवढंच माझ्या खांद्यावर परत येतं. म्हणजे औषध संपेपर्यंत ढमीचं पोट त्या डब्यावर होतं.

आणि नेमकं तेव्हाच फ्रीझरचं झाकण बसेना. भिंतींवर बर्फाचे थर चढले होते, कडेला बोटभर फट राहत होती आणि मोटर अखंड घरघरत होती. फट आहे म्हणून बर्फ वाढतोय, बर्फ वाढतोय म्हणून फट. असं आणखी काही दिवस चाललं असतं तर दुधाचं काही खरं नव्हतं.

मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. "पटकन फोडून टाकतो."

"त्या भिंतीच्या आत गॅसची नळी आहे. भोक पाडलंस की फ्रीझर जन्माचा गेला. ठेव ते आणि कामावर जा."

तो गेला. सुनेला तपासणीसाठी दवाखान्यात जायचं होतं. ती ढमीला माझ्याकडे देऊन उंबऱ्यात घुटमळली.

"आई, दूध?"

"तू निर्धास्त जा. जागा बदलली हे दुधाला कळणारसुद्धा नाही."

बेत माझ्या डोक्यात पक्का होता. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात एकच डबा मावतो. तिथे दूध. बाकीचे डबे कँटीनच्या मोठ्या पातेल्यात एकाला एक चिकटवून, वर दोन रजया. पातेल्यात न मावणारा मटारचा एक डबा शेजारच्या टेलरमास्तरांकडे. मटार वितळले तर आज शिजवू, त्यात काय. ढमी झोपल्यावर लोकरीचे हातमोजे चढवले आणि डबे उपसायला लागले. ह्यांना हमाल नेमलं होतं. सगळ्या डब्यांवर बर्फाचा कीस जमला होता, झाकणंही दिसत नव्हती.

"हा स्वयंपाकघरात, वरच्या कप्प्यात. आणि हा मास्तरांकडे. मटार आहेत, कुठेही ठेवा म्हणावं."

"एकदा उघडून बघू का?" ह्यांनी विचारलं.

"उघडलं की गारवा जातो. मला कळतं."

हे दोन्ही डबे घेऊन गेले. माझ्याशी वाद घालायचा नाही हे त्यांना फार पूर्वीच समजलंय.

मग खरं काम. प्लग काढला, खाली जुने टॉवेल अंथरले, आत उकळत्या पाण्याची दोन भांडी ठेवून झाकण लावलं. लोक इथे घाई करतात, सारखं उघडून बघतात. मी खुर्चीवर बसून भाजी निवडली. थोड्या वेळाने आत धप्प आवाज झाला, पहिली लादी सुटली. पाणी बदललं, लाकडी उलथन्याने कडा सैल केल्या, तसे मोठमोठे तुकडे हातात यायला लागले. तळाचं बूच काढून पाणी बादलीत सोडलं. सोड्याच्या पाण्याने पुसलं, कोरडं केलं, प्लग लावला. रिकामा फ्रीझर नव्यासारखा चकचकत होता. झाकण टेकवलं तर अलगद बसलं, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

फ्रीझर पुन्हा गार व्हायची वाट बघत होते तेवढ्यात सून आली. ढमी जागी होऊन भुकेने कुरकुरत होती. पिशवी काढायला सून स्वयंपाकघरात गेली.

"आई, यात मटार आहेत."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. हातमोजे. हाताला कळतं म्हणून मिरवणारी मी, हातच लोकरीत गुंडाळून डबे ओळखत बसले होते. आणि मास्तरांना निरोप काय, तर कुठेही ठेवा.

ओल्या सपाता तशाच घालून मी पळाले. मास्तर मशीनवर होते, तोंडात दोरा.

"मास्तर, सकाळचा डबा?"

त्यांनी मागच्या छोट्या फ्रिजकडे मान केली. मी दार उघडलं. खालच्या फळीवर पाण्याची बाटली आणि अर्धं लिंबू. डबा नाही.

"मटार कुठे ठेवलेत?"

"मटार?" त्यांनी तोंडातला दोरा काढला. "वहिनी, आता सांगूनच टाकतो. भाऊ म्हणाले मटार आहेत, पण बर्फ पुसल्यावर डब्यावरचं मला वाचता येतं की. म्हटलं, मी खाईन म्हणून मटार सांगतायत. आइस्क्रीम वितळलं तर वहिनी माझं तोंड बघणार नाहीत. म्हणून बर्फाचा ट्रे बाहेर काढला आणि आत कोंबलाय. हात लावला नाही, देवाशप्पथ."

वरचा कप्पा उघडला. डबा तिथेच होता, कडांना बर्फ धरून. मी तो पदरात गुंडाळून घरी आणला.

सुनेने एकेक पिशवी काढून दाबून पाहिली. शेवटचीसुद्धा दगडासारखी होती. मग ती तिथेच स्टुलावर बसली आणि रडली.

"चूक माझी," मी म्हटलं. "तू विचारलंस तेव्हाच उघडून बघायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली.

तिने 'जाऊ दे' म्हटलं नाही, हे मला आवडलं. जाऊ देण्यासारखं ते नव्हतंच.

एक पिशवी कोमट पाण्यात सोडली. ढमीने बाटली तोंडात घेतली ती दोन्ही हातांनी धरूनच. सून तिला मांडीवर घेऊन बघत राहिली. मग मोकळ्या हाताने तिने पर्समधून मार्कर काढून माझ्यापुढे धरला.

"लिहा."

मी स्ट्रॉबेरीच्या चित्रावर मोठ्या अक्षरात 'ढमीचं दूध' लिहिलं.

"बाकीच्यांवर?"

"बाकीचे मला कळ—" म्हणता म्हणता थांबले. या वेळी हातमोजे घातले नाहीत. पातेल्यातले डबे एकेक करून पुसले, उघडले, आत बघितलं, लिहिलं. मटार. टोमॅटो. भाज्यांचं पाणी. मटार. पाचवा डबा उघडला तर आत खरोखरचं स्ट्रॉबेरी आइस्क्रीम, त्यावर चमच्याच्या ताज्या खुणा.

मी मान वर केली. डॉक्टरांनी ज्यांचं गोड कधीच बंद केलंय ते आमचे हे दारात उभे होते आणि अतिशय लक्ष देऊन सायकलीची चेन तपासत होते.

"तुम्ही उगाच चमचा घेऊन फिरत नव्हता तर," मी म्हटलं.

सून इतक्या वेळाने पहिल्यांदा हसली. मी झाकण लावलं, त्यावर मार्करने 'टेलरमास्तर' लिहिलं आणि डबा ह्यांच्याच हातात दिला.

"द्या नेऊन. आणि या वेळी सांगा, आइस्क्रीमच आहे."